नजर हातावर, धोका जबड्यात : नेगर सिंड्रोमची लक्षणे आणि त्यांचे वाचन

(करकंब येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

विषयाची निवड

चेहऱ्याची आणि हातापायांची घडण एकाच वेळी बिघडलेली दिसते, अशा जन्मजात विकारांचा एक लहानसा गट वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे आणि त्या गटातला नेगर सिंड्रोम हा विकार प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. सिंड्रोम म्हणजे लक्षणसमूह; वरवर पाहता ज्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, पण जी एकाच मूळ कारणातून उगवल्यामुळे पुन्हा पुन्हा एकत्र आढळतात, अशा लक्षणांच्या जुळणीला हे नाव दिले जाते. नेगर सिंड्रोम अत्यंत विरळ आहे. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात त्याच्या शंभरेक रुग्णांचीच वर्णने छापली गेली आहेत, त्यामुळे पंढरपूर तालुक्यात तीस-पस्तीस वर्षे बाळंतपणे केलेल्या डॉक्टरालाही असे एकही बाळ पाहायला मिळाले नसेल, तर त्यात नवल नाही.

मग एवढ्या विरळ विकारासाठी करकंबसारख्या गावात एक संपूर्ण व्याख्यान का खर्ची घालावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त म्हणावा लागेल. त्याचे उत्तर असे की विकार विरळ असला तरी त्यातली एकेक लक्षणे तितकी विरळ नसतात. जन्मणाऱ्या शंभर बाळांमागे साधारण दोन ते तीन बाळांत काही ना काही मोठे जन्मजात व्यंग असते आणि फाटलेली टाळू, आखूड जबडा, बंद कान, वाकडे पाऊल ही त्यांतली ओळखीची व्यंगे होत. नेगर सिंड्रोममध्ये ती एकाच देहात एकत्र येतात, आणि म्हणूनच कोणत्या लक्षणाकडे आधी पाहावे व कोणते थोडे थांबू शकते, हा क्रम शिकण्यासाठी हा विकार म्हणजे एक पाठच ठरतो. अशा बाळाला पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर अंगठा नसलेल्या हातावर खिळते. बाळाचा जीव मात्र अडतो जबड्यापाशी, आणि पुढचे आयुष्य अडते कानापाशी. दिसणारे व्यंग आणि घात करणारे व्यंग यांतला हा फरक घरच्यांना, आशाताईंना आणि गावातल्या डॉक्टरांना वेळेवर कळावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

नाव आणि व्याख्या

झुरिचमधील कान-नाक-घसा तज्ज्ञ फेलिक्स नेगर आणि त्यांचे सहकारी द रेनिए यांनी १९४८ साली या विकाराचे वर्णन केले आणि पुढे नेगर यांचेच नाव त्याला चिकटले. हाडांच्या विकाराला कानाच्या डॉक्टराचे नाव मिळावे, ही बाब अर्थपूर्ण आहे, कारण या मुलांचे ऐकू न येणे हे त्यांच्या हाताइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे लक्षण आहे. शास्त्रीय परिभाषेत हा विकार ‘ॲक्रोफेशियल डिसॉस्टोसिस’ या वर्गात मोडतो. ‘ॲक्रो’ म्हणजे शरीराची टोके, अर्थात हातपाय. ‘फेशियल’ म्हणजे चेहऱ्याचे. आणि ‘डिसॉस्टोसिस’ म्हणजे हाडांची मुळातच सदोष झालेली घडण. हाड नीट घडून नंतर मोडणे किंवा झिजणे वेगळे आणि ते घडतानाच अपुरे राहणे वेगळे, हा भेद या शेवटच्या शब्दात सामावलेला आहे.

चेहऱ्यावरील लक्षणे

चेहऱ्याची लक्षणे वरून खाली अशा क्रमाने पाहिली तर ध्यानात ठेवायला सोपी जातात. डोळ्यांच्या बाहेरच्या कडा खाली उतरलेल्या असतात, त्यामुळे बाळ सतत उदास आहे असा चुकीचा भास होतो. खालच्या पापणीच्या नाकाकडच्या भागात केस विरळ असतात किंवा मुळीच नसतात. गालाची हाडे पुरेशी न वाढल्याने गाल चपटे दिसतात आणि त्या मानाने नाक उठून दिसते. कानाची पाळी लहान किंवा वेडीवाकडी असू शकते, काही वेळा ती नेहमीपेक्षा खाली बसलेली असते, आणि कानाचे छिद्र अरुंद किंवा पूर्ण बंद असते. टाळू फाटलेली असते, किंवा टाळूचा मागचा मऊ भाग तयारच झालेला नसतो. तोंड उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिल्याशिवाय हा दोष कळत नाही, कारण ओठ पुष्कळदा अखंड असतो आणि ओठ अखंड असला की आतली टाळूही तशीच असणार, असे घरची माणसे समजून चालतात.

या सर्वांत मोठे लक्षण खालच्या जबड्याचे होय. जबडा इतका आखूड असतो की बाळाकडे बाजूने पाहिले असता हनुवटी जवळजवळ नाहीशी झालेली दिसते आणि खालचा ओठ थेट गळ्याकडे उतरतो. समोरून पाहताना, विशेषतः बाळ दुपट्यात गुंडाळलेले असताना, हे ध्यानात येत नाही. म्हणून नवजात बाळाचा चेहरा एकदा तरी बाजूने पाहावा, ही साधी सवय फार मोलाची ठरते. जबड्याचा सांधा ताठ असल्याने काही मुलांचे तोंडही पुरते उघडत नाही.

हातापायांवरील लक्षणे

हातांच्या लक्षणांना एक निश्चित दिशा असते. नेगर सिंड्रोममध्ये दोष पडतो तो अंगठ्याच्या बाजूला. अंगठा लहान व अशक्त असतो, कधी कातडीच्या बारीक देठाने लोंबत असतो, तर कधी मुळीच नसतो. कोपरापासून मनगटापर्यंत शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडियस, आखूड राहिले किंवा झाले नाही तर आधार गेल्याने हात मनगटातून त्या बाजूला कलतो. काही मुलांत ही दोन हाडे कोपराजवळ एकमेकांना जोडली गेलेली असतात. हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण मूल मोठे होऊ लागले की रोजच्या व्यवहारात तो उघडा पडतो. तळहात उताणा करून तीर्थ घेता येत नाही, प्रसादासाठी ओंजळ धरता येत नाही, आणि पुढे केलेल्या हातावर ठेवलेली वस्तू कडेने घसरून पडते. अंगठ्याची उणीव तर पहिल्या भाकरीपाशीच जाणवते, कारण तुकडा मोडताना अंगठा भाकरी दाबून धरतो आणि बोटे ओढतात. पायांवरील लक्षणे तुलनेने कमी आढळतात आणि आढळली तर पाऊल आत वळलेले असणे किंवा पायाच्या बोटांची घडण बिघडलेली असणे, अशा स्वरूपाची असतात.

या यादीत एका गोष्टीचा समावेश नाही, आणि तेच आवर्जून सांगायला हवे. नेगर सिंड्रोम असलेल्या मुलांची बुद्धी बहुधा सर्वसाधारण असते. चेहरा वेगळा, हात वेगळा, बोलणे अस्पष्ट, एवढ्यावरून मूल मंदबुद्धी असल्याचा जो निष्कर्ष झटकन काढला जातो, त्याला शास्त्राचा आधार नाही.

चेहरा आणि हात एकत्र का बिघडतात

चेहरा आणि हात शरीरात एकमेकांपासून दूर असले तरी गर्भात त्यांची जडणघडण एकाच सुमारास होते. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात हातांचे अंकुर फुटतात, आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी झालेली असतात, आणि याच काळात चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी सरकत येऊन एकमेकांना सांधले जातात; टाळूची जुळणी तेवढी बाराव्या आठवड्यापर्यंत चालते. पुढे ज्या भागातून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, त्याच्या कडेवरून ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या पेशी निघतात, चेहऱ्याच्या जागी स्थलांतर करतात आणि तेथे हाडे घडवतात. गळ्याच्या भागात कमानीसारख्या जोडलेल्या ज्या पट्ट्या गर्भात दिसतात, त्यांपैकी पहिल्या पट्टीतून खालचा जबडा तयार होतो आणि कानाच्या आतील हातोडी व ऐरण ही दोन इवली हाडेही त्याच पट्टीतून येतात. म्हणून जबडा आखूड असलेल्या बाळाच्या कानाची चौकशी करणे हा अतिदक्षतेचा भाग नसून शरीररचनेनेच घालून दिलेला नियम आहे.

या विकारामागचे एक जनुक २०१२ साली सापडले. एसएफथ्रीबीफोर असे त्याचे नाव असून ते पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते, आणि आजवर तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत त्यातला बिघाड आढळला आहे. या जनुकाचे काम समजून घ्यायला सोलापूर जिल्ह्यातल्या श्रोत्यांना परक्या उपमेची गरज नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ठरते, आणि एकाच पुठ्ठ्याचे भोक चुकले तर चादरीत ती नक्षी जिथे जिथे येते, तिथे तिथे तीच चूक उमटते. जनुकांतील सूचना पेशीत वापरण्याआधी त्यांची नक्कल काढली जाते, त्या नकलेतील नको असलेले तुकडे कापले जातात आणि उरलेले तुकडे नीट जोडले जातात. या कापण्या-जोडण्याच्या यंत्रणेचा एक भाग एसएफथ्रीबीफोर या जनुकापासून तयार होतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती शरीरात असतात. त्यांपैकी एक निकामी झाली की पुरवठा निम्म्यावर येतो, आणि अत्यंत वेगाने वाढणाऱ्या चेहऱ्याच्या व हाताच्या अंकुरांतील पेशींना हा निम्मा पुरवठा पुरत नाही, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. एक चूक दोन ठिकाणी उमटते ती अशी.

पहिला तास आणि पहिले आठवडे : श्वास व दूध

लक्षणांची यादी पाठ होणे पुरेसे नाही. ती लक्षणे काळाच्या क्रमाने लावता आली पाहिजेत. पहिला क्रम श्वासाचा. जबडा आखूड असला की जिभेला पुढे जागा उरत नाही आणि बाळाला उताणे निजवले की जीभ मागे पडून घशाची वाट बुजवते. श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येतो, बरगड्यांच्या मधल्या आणि गळ्याखालच्या जागी खळगे पडतात, झोप लागली की आवाज वाढतो, आणि कुशीवर किंवा पालथे धरले की तो कमी होतो. हा शेवटचा फरक निदानालाही उपयोगी आहे आणि पहिल्या उपचारालाही, कारण पालथे किंवा कुशीवर ठेवल्यावर जीभ आपल्या वजनाने पुढे येते. मात्र निरोगी बाळाला झोपेत पालथे निजवणे धोक्याचे असल्याने हा उपाय रुग्णालयात, देखरेखीखाली करावयाचा असतो आणि एका बाळाला दिलेला सल्ला दुसऱ्याला लागू करावयाचा नसतो.

गावातल्या घरांतील दोन प्रेमळ सवयी अशा बाळाच्या जिवावर बेतू शकतात, आणि त्यांचा उल्लेख इथे टीका म्हणून नव्हे तर काळजीपोटी केला पाहिजे. पहिली सवय झोळीची. लुगड्याच्या झोळीत बाळाची पाठ गोलाकार होते, मान पुढे झुकते आणि हनुवटी छातीला टेकते. ज्याची श्वासाची वाट आधीच अरुंद आहे, त्याची उरलीसुरली वाटही या बैठकीत बंद होऊ शकते, आणि झोळी हलत असल्यामुळे बाळ शांत झोपले आहे की धडपडून थकले आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. दुसरी सवय मांडीवर उताणे घेऊन बोंडल्याने दूध किंवा गुटी पाजण्याची. टाळू फाटलेल्या बाळाला तोंडात ओढ निर्माण करता येत नाही, म्हणून ते स्तन धरते पण दूध ओढू शकत नाही. अशा वेळी उपाशी बाळाला काही तरी पोटात जावे या मायेने बोंडले तोंडाला लावले जाते, दूध घशात एकदम ओतले जाते, थोडे नाकातून बाहेर येते आणि थोडे श्वासनलिकेत उतरते. अशा बाळाला डोके उंच ठेवून, जवळजवळ बसते धरून, आईचेच काढलेले दूध चमच्याने थोडे थोडे पाजावे, मध्ये विसावा द्यावा, आणि एवढे करूनही पोट भरत नसेल तर नाकातून जठरापर्यंत नळी घालण्यास संकोच करू नये, असा वैद्यकाचा सांगावा आहे. दूध पिता पिता बाळ थकून झोपणे, पाजायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, आणि दोन आठवडे उलटले तरी जन्मवेळचे वजन परत न येणे, या तीन खुणा आशाताईंनाही दिसू शकतात.

कुशीवर ठेवून भागत नसेल तर नाकातून घशापर्यंत मऊ नळी बसवतात, आणि तेवढ्यानेही श्वास सुकर झाला नाही तर गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याची, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीची, शस्त्रक्रिया करावी लागते. गळ्यातली नळी पाहून घरची माणसे हबकतात. पण अनेक बाळांच्या बाबतीत हीच नळी पुढच्या सगळ्या उपचारांसाठी लागणारा वेळ मिळवून देते.

पहिले वर्ष : कान

श्वास आणि दूध सावरले की कुटुंबाचे सगळे लक्ष पुन्हा हाताकडे वळते आणि कान मागे पडतो. नेगर सिंड्रोममधील ऐकण्याचा दोष बहुधा वाहक प्रकारचा असतो. म्हणजे आवाजाची नोंद घेणारा आतला कान पुष्कळदा ठीक असतो, पण आवाज तिथवर नेणारी वाट, म्हणजे कानाचे छिद्र, पडदा आणि हातोडी, ऐरण, रिकीब ही हाडे, अपुरी किंवा जखडलेली असतात. हा भेद कळणे आशादायक आहे, कारण आवाज कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचवता येतो आणि त्यासाठी डोक्याभोवती पट्ट्याने बांधायचे यंत्र काही महिन्यांच्या बाळालाही लावता येते. बाळाच्या पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असा क्रम जगभर मानला जातो. कानाचे छिद्रच बंद असलेल्या बाळाची तपासणी बेरा या चाचणीने होते, ज्यात आवाज दिल्यावर मेंदूपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंतील विद्युत्‌संकेत नोंदले जातात आणि बाळाकडून कुठल्याही प्रतिसादाची अपेक्षा नसते.

हा क्रम चुकला तर काय होते, ते सांगताना सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. मूल ऐकत नाही म्हणून बोलत नाही, बोलत नाही म्हणून त्याच्याशी कोणी बोलत नाही, टाळूच्या दोषामुळे जे थोडेफार बोलते तेही नाकात उमटते, आणि वेगळ्या चेहऱ्याची जोड मिळून ‘मुकं’ किंवा ‘मठ्ठ’ हा शिक्का शाळेच्या पहिल्या दिवसाआधीच त्याच्यावर बसतो. ज्याची बुद्धी शाबूत होती असे मूल केवळ आवाज पोचला नाही म्हणून मागे राहते, आणि ही हानी अंगठा नसण्याच्या हानीहून कितीतरी मोठी आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था या कामासाठीच उभी आहे.

सारखे दिसणारे विकार

निदान करताना चेहरा आणि हात हे दोन्ही एकत्र वाचावे लागतात. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये चेहरा जवळजवळ असाच असतो, पण हात निर्दोष असतात. मिलर सिंड्रोममध्येही चेहरा मिळताजुळता असतो, परंतु हाताचा दोष अंगठ्याच्या बाजूला नसून करंगळीच्या बाजूला पडतो. या विकाराचे मूळ जनुक २०१० साली रुग्णांच्या जनुकांचा जवळजवळ सगळा उपयोगी भाग एकाच वेळी वाचून शोधले गेले आणि विरळ विकारांच्या संशोधनाला त्यातून नवी दिशा मिळाली. हॅनहार्ट सिंड्रोममध्ये आखूड जबड्याबरोबर जीभ लहान असते आणि हातपाय टोकाकडून अपुरे राहतात. मोबियस सिंड्रोममध्ये चेहऱ्याची हाडे नव्हे तर चेहरा हलवणारे मज्जातंतू दुबळे असतात, म्हणून बाळ रडले तरी चेहरा हलत नाही, आणि सोबत पाऊल वाकडे किंवा बोटे अपुरी असू शकतात.

या शेवटच्या विकाराच्या संदर्भात एक इशारा सांगणे कर्तव्य ठरते. गर्भपातासाठी वापरल्या जाणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाचा अपुरा किंवा फसलेला वापर आणि मोबियस सिंड्रोम यांचा संबंध १९९८ साली ब्राझीलमधील अभ्यासांतून पुढे आला. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेतल्या, तरीही गर्भ राहिला, आणि मग ती गोष्ट लाजेपोटी लपवली, असे कोणत्याही स्त्रीच्या बाबतीत होऊ नये. झालेच तर तिला डॉक्टरकडे न घाबरता सांगता यावे, एवढा विश्वास तिला घरातून मिळाला पाहिजे. नेगर सिंड्रोम मात्र अशा औषधांमुळे होत नाही. उलट बाजूने, नुसता अंगठा नसलेले बाळ दिसले तर रक्ताचा आणि हृदयाचा विकारही सोबत असू शकतो, म्हणून रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, असा दंडक आहे.

जबडा आणि अंगठा : शस्त्रक्रिया

जबडा लांबवण्याची आजची पद्धत हाड हळूहळू ताणण्याच्या तत्त्वावर आधारलेली आहे. हाडाला छेद देऊन त्याची दोन टोके दररोज साधारण एक मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड भरत जाते, हे तत्त्व रशियातील इलिझारोव यांनी पायाच्या हाडांसाठी सिद्ध केले आणि १९९२ साली न्यूयॉर्कच्या मॅकार्थी यांनी ते मुलांच्या जबड्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि हलक्या दांड्यांची जी बाह्य चौकट विकसित केली, जी ‘जेस’ या नावाने ओळखली जाते, तिच्या मुळाशीही असेच सावकाश ताणण्याचे तत्त्व आहे. वाकड्या पावलांसाठी आणि कललेल्या मनगटांसाठी ती देशभर वापरली गेली असून, कमी खर्चात साधणारे हे तंत्र महाराष्ट्राने या क्षेत्राला दिलेली मोठी देणगी आहे.

अंगठा नसेल तर शेजारची तर्जनी तिच्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि स्नायूबंध सांभाळून फिरवली जाते आणि अंगठ्याच्या जागी बसवली जाते. जर्मनीचे बुक-ग्रामको यांनी या शस्त्रक्रियेला १९७१ साली आजचे रूप दिले. ती झाल्यावर हाताला चारच बोटे राहतात, पण त्या चारांनी लेखणी धरता येते, बटण लावता येते आणि भाकरी मोडता येते. टाळूची शस्त्रक्रिया साधारण वर्षाच्या आसपास होते, पण श्वासाचा प्रश्न सुटल्याशिवाय ती घाईने करत नाहीत. तोंड पुरते उघडत नसल्याने भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. म्हणून अशा मुलाची कुठलीही शस्त्रक्रिया, मग ती लहानशी का असेना, तयारी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच झाली पाहिजे.

दोष कोणाचा

ज्या घरी असे बाळ जन्मते, त्या घरात पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न उठतो आणि तो बहुधा बाळंतिणीकडे पाहून विचारला जातो. ग्रहण पाळले नाही, ग्रहणात विळीवर काही चिरले, सुई हातात घेतली, म्हणून बाळाचा अंगठा गेला किंवा टाळू फाटली, ही समजूत जुनी आहे. तिला उत्तर द्यायला फक्त दिवस मोजावे लागतात. बोटे आठव्या आठवड्याच्या अखेरीस सुटी झालेली असतात. पाळी चुकल्याची खात्री होऊन ती गोष्ट सासरी-माहेरी कळते तोवर चेहऱ्याचा आणि हाताचा आराखडा बराचसा ठरून गेलेला असतो. पाचव्या किंवा सातव्या महिन्यात पडलेल्या सावलीने घडून गेलेला अंगठा नाहीसा होऊ शकत नाही. नेगर सिंड्रोमच्या बहुतेक बाळांत जनुकातला बदल त्या बाळातच नव्याने झालेला असतो. तो ना आईच्या वागण्यातून आलेला असतो, ना बापाच्या. अशा आईबापांच्या पुढच्या मुलात तो पुन्हा येण्याची शक्यता अल्प असते, पण शून्य नसते, म्हणून जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. विकार असलेली व्यक्ती मोठी होऊन आई किंवा बाप झाली तर मात्र प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

मिलर सिंड्रोमसारख्या काही विकारांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत दोन्ही पालक निरोगी असतात, पण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडे असते, आणि प्रत्येक गर्भारपणात चारांतून एक अशी जोखीम राहते. जवळच्या नात्यात लग्न झाले की एकच जुनी प्रत दोन्ही बाजूंनी भेटण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या महाराष्ट्रातील रीतीचा अभ्यास इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात केला, आणि सोलापूरच्या परिसरात ही रीत आजही ओळखीची आहे. अशा सोयरिकीपूर्वी दोन्ही घरांत असे मूल झाले होते का, याची मोकळी चौकशी व्हावी, एवढी अपेक्षा गैर नाही. झालेल्या लग्नाला दूषण देऊन मात्र काहीही साधत नाही.

व्यवस्था आणि गाव

सरकारी व्यवस्थेत या बाळांसाठी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीस व्याधींसाठी तपासणी त्यात होते, आणि फाटलेली टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात बहिरेपणा व हृदयविकार यांचा त्या यादीत समावेश आहे. आरोग्यपथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेटतात. सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईचे केईएम रुग्णालय हे विशेष केंद्र म्हणून नेमलेले आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आखूड हनुवटी किंवा हाताच्या हाडाची उणीव दिसली तर प्रसूती कुठे व्हावी, हे आधीच ठरवता येते, आणि या एका निर्णयावर बाळाचा पहिला तास अवलंबून असतो.

लऊळची आठवण

करकंबपासून फार दूर नसलेल्या, माढा तालुक्यातील लऊळ येथे संत कूर्मदासांची समाधी आहे. जन्मतःच हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून अंग सरपटत पंढरीच्या वाटेला लागला आणि लऊळला पोचल्यावर त्याला पुढे जाणे अशक्य झाले, अशी कथा परंपरा सांगते. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयातही ती आली आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या संताला आजच्या एखाद्या सिंड्रोमचे नाव लावणे शास्त्राला धरून होणार नाही आणि तसा प्रयत्न इथे केलेलाही नाही. लक्ष वेधायचे आहे ते कथेच्या शेवटाकडे. कूर्मदास पंढरपूरला पोचला नाही, तेव्हा विठ्ठल ज्ञानदेव-नामदेवांसह त्याच्या भेटीला निघाला, वाटेत अरणला सावता माळ्याच्या मळ्यात थांबला आणि लऊळला आला. ज्याला येता येत नाही त्याच्याकडे जावे लागते, हे या भागातल्या माणसांना कोणत्याही आरोग्ययोजनेच्या आधी कळलेले आहे.

म्हणून बेचाळीस दिवसांतल्या त्या सहा भेटींना फार महत्त्व आहे. आशाताईने घरी आल्यावर दुपटे सोडावे, बाळाला कुशीवर घेऊन त्याची हनुवटी बाजूने पाहावी, झोपेतला श्वास मिनिटभर ऐकावा, टॉर्च लावून टाळू पाहावी, कानाचे छिद्र उघडे आहे का ते पाहावे, वजन मांडावे, आणि मग हात पाहावा. हाताला वेळ आहे. तो वेळ बाळाला मिळावा, यासाठीच आधीच्या सगळ्या गोष्टी त्या क्रमाने पाहायच्या आहेत.